कबुतरं, माझी फुप्फुसं आणि वसंतराव

माझी फुप्फुसं कबुतरांमुळे गेली असं मी सांगते तेव्हा समोरचा माणूस आधी हसतो. मग माझ्या नाकातल्या नळीकडे त्याचं लक्ष जातं. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलेच होते.

माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं मुलींना शिकवलंत, तुम्हाला समजावून सांगता येतं. लिहून काढा. कुणीतरी वेळेवर सावध होईल." म्हणून लिहायला बसले. लिहिताना वसंतरावांचं आजारपणही त्यात आलं. ते गाळून माझं एकटीचं सांगायचा प्रयत्न करून पाहिला, पण नाही जमलं.

निवास

माझं माहेर ब्रह्मा घाटावरचं आणि सासर दूधविनायकाला, दोन्हीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या काशीतली. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात, कारण तिच्यात निम्मी हिंदी असते. मी मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, भूगोल शिकवायचे. माझे यजमान वसंतराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. आमची एकुलती एक मुलगी मीनल नागपूरला असते.

वसंतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दूधविनायकाच्या घरातला तो उभा, अंधारा जिना त्यांना चढवेना. मीनल नागपूरला बोलावत होती. आम्हाला काशी सोडायची नव्हती. तेव्हा शहराच्या दक्षिणेला, गंगेच्या काठावर, निवृत्त माणसांसाठी बांधलेल्या एका निवासात आम्ही खोली घेतली. तिसरा मजला, लिफ्ट, खाली जेवणघर, बाग, आणि आमच्या बाल्कनीतून थेट नदी.

मी पक्षी बघायला लागले ती तिथे. आयुष्यभर गल्लीत राहिलेली मी. चिमण्या, कावळे आणि माकडं यांपलीकडे काही पाहिलंच नव्हतं. जावयांनी एक दुर्बीण आणून दिली आणि मला वेडच लागलं. कार्तिकात समोरच्या वाळूवर केशरी रंगाचे चक्रवाक उतरायचे. त्याच सुमाराला पांढरे कुरव येत, नावाडी त्यांना सरसकट साइबेरियन म्हणतात. वैशाखात कडुनिंबावर पिवळा हळद्या बोलायचा. आषाढाचे ढग आले की चातक. बागेतल्या गायबगळ्यांच्या डोक्याला त्याच दिवसांत नारिंगी रंग चढायचा. पाऊस ओसरला की हिरवळीवर शेपटी हलवत धोबी पक्षी हजर. दसऱ्याला नीलकंठ दिसणं इकडे फार शुभ मानतात. त्या सकाळी निवासातली निम्मी मंडळी माझ्या बाल्कनीत जमायची आणि पलीकडच्या तारेवर बसलेला नीलकंठ मी एकेकाला दुर्बिणीतून दाखवायची. एवढा मान मला शाळेतही मिळाला नव्हता.

वसंतरावांचं मन मात्र तिथे रमलं नाही. रेल्वेत होते तेव्हा त्यांचा दिवस घड्याळाला बांधलेला असायचा. इथे त्यांना कुणी कशाला बोलावत नव्हतं. मग त्यांनी बाल्कनीत कबुतरांना दाणे टाकायला सुरुवात केली. त्यांची आई दूधविनायकाच्या छतावर टाकायची तसे. सकाळी आंघोळ झाली की बाजरीची पिशवी घेऊन ते उभे राहायचे, आणि कबुतरं त्यांच्या पायांत, खांद्यावर, कठड्यावर दाटीवाटीने बसायची. न्हाणीघरामागच्या पोकळीत त्यांची घरटी झाली. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी भुकटी बसायची. मी कपडे झटकायचे, बाल्कनी झाडायचे आणि पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावायचे.

ते खूश होते. मला तेवढं पुरेसं होतं.

खोकला

तिथे राहायला लागून दोनेक वर्षं झाल्यावर एका श्रावणात खोकला सुरू झाला. कोरडा, चिवट खोकला. जवळच्या डॉक्टरांनी दमा सांगितला आणि ओढायचं औषध दिलं. दुसऱ्यांनी ॲलर्जी म्हटलं. संध्याकाळी अंगात कसकस असायची. वजन उतरू लागलं तेव्हा तिसऱ्यांनी क्षयाचा संशय घेतला. थुंकीत काही निघालं नाही.

दसऱ्याला मंडळी नीलकंठ बघायला आली तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिले. दुर्बीण धरली की हात थरथरायचे. दिवाळीच्या तोंडावर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायचं तर मध्ये भिंतीला टेकावं लागे. केस विंचरताना हात वर केले की श्वास संपायचा. वेणी घालणं सोडून मी केस नुसते बांधू लागले, आणि ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आपण म्हाताऱ्या झालो असंच मला वाटत होतं.

मीनल दिवाळीला आली आणि मला बघून दारातच थांबली. "आई, तुझे ओठ निळे दिसतायत," म्हणाली. तिनेच मोठ्या इस्पितळात नाव नोंदवलं आणि छातीचा स्कॅन करवून घेतला.

निदानाचा दिवस

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. स्कॅन बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "घरी पक्षी पाळलेत का?"

"पाळलेले नाहीत," मी म्हटलं, "पण मी पक्षी बघते. छंद आहे मला."

"कुठले बघता?"

मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत माझ्या आवडीचं कुणी काही विचारलं नव्हतं. मी धापा टाकत सांगू लागले, चक्रवाक, कुरव, धोबी, हळद्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि कबुतरं?"

कबूतर मी पक्ष्यांत धरलंच नव्हतं.

"ती तर बाल्कनीतच असतात," मी म्हटलं. "हे दाणे घालतात त्यांना."

शेजारच्या खुर्चीवर वसंतराव बसले होते. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची बारीक धूळ श्वासातून आत जाते, काहींच्या फुप्फुसांना ती सहन होत नाही, आणि वर्षानुवर्षं जात राहिली की फुप्फुस आतून कडक होत जातं, असं त्यांनी सांगितलं. कुणाला होईल आणि कुणाला नाही हे आधी कळत नाही. त्याच घरात राहणाऱ्या दुसऱ्याला काहीच होत नाही.

तेव्हाच मी हसले. वसंतरावांना हसू आलं नाही.

"जो भाग कडक झालाय तो परत मऊ होत नाही," त्या म्हणाल्या. "उरलाय तो वाचवता येईल. गोळ्या देईन. पण कबुतरं थांबली नाहीत तर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही."

बाहेर आल्यावर वसंतराव बाकावर बसले. म्हणाले, "आमच्या आईने जन्मभर दाणे टाकले. तिला कुठे काय झालं?"

मीनल चिडली. "बाबा, आईकडे बघा ना."

"बघतोच आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर आहे ते त्यांनाच समजत नव्हतं.

वॉर्ड

माघात धाप आणखी वाढली आणि मला भरती केलं. वॉर्डातला दिवस लवकर सुरू व्हायचा. आधी फरशी पुसायचे, मग बोटातून रक्त, मग पातळ चहा. गोळ्यांनी साखर वाढली, तोंडाला छाले आले, चेहरा सुजून वाटोळा झाला. रडू केव्हाही यायचं आणि कारण सापडायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हेसुद्धा गोळ्यांमुळेच. कारण कळलं म्हणून रडू थांबलं नाही.

भीती मरणाची कमी आणि श्वास न मिळण्याची जास्त होती. या दोन भीत्या वेगळ्या असतात हे मला तिथे समजलं. ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं तर, नळी निसटली तर, वीज गेली तर, एवढंच डोक्यात फिरायचं.

शेजारच्या खाटेवर जौनपूरकडची एक बाई होती. चुलीच्या धुराने तिची छाती गेली होती. तिचा नवरा एक्स-रेच्या पाकिटाने तिला वारा घालत बसायचा. खिडकी माझ्या बाजूला होती आणि तिच्या खाटेवरून बाहेरचं दिसायचं नाही.

"दीदी, बाहर क्या देखती रहती हो?" तिने एकदा विचारलं.

समोरच्या इमारतीवर पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या आडोशाला घारीने घरटं केलं होतं. मी तिला सांगू लागले. आज नर काटकी घेऊन आला. आज चिंधी आणली. आज मादी उठलीच नाही, अंडी असतील. ती डोळे मिटून ऐकायची आणि मी थांबले की बोट हलवून "और?" म्हणायची. दम लागेपर्यंत मी बोलायचे.

एका दुपारी घरट्यातून पिलाचं राखाडी डोकं वर आलं. तिला सांगायला मी वळले तर तिचा नवरा तिची शाल घडी करत होता. ती गेली होती. पडदासुद्धा ओढलेला नव्हता. त्याने शाल पिशवीत ठेवली, माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "आपने उसका बहुत मन लगाया." त्यानंतर मी त्या टाकीकडे पाहिलं नाही.

खालची खोली

फाल्गुनात मी निवासात परत आले ती नव्या खोलीत. व्यवस्थापकांनी तळमजल्यावर, मागच्या बाजूला जागा दिली. खिडक्यांना जाळी, आत ऑक्सिजनचं यंत्र, वीज गेली तर इन्व्हर्टर. नदी दिसायची नाही. समोर कंपाउंडची भिंत, एक कडुनिंब आणि बागेचा नळ, बस एवढंच.

मीनलला मला नागपूरला न्यायचं होतं. मी तिला फोनवर एवढंच विचारलं, "तुझ्या खिडकीतल्या एसीच्या डब्यावर काय बसतं?" तिच्या सोसायटीतही जिकडेतिकडे तीच कबुतरं. त्यांच्यापासून पळून जायला गाव उरलेलं नाही.

वसंतरावांनी माझ्यादेखत बाजरीची पिशवी देऊन टाकली. "झालं तुझं समाधान?" म्हणाले. बरेच दिवस घुम्यासारखे बसून असायचे. पण ते माझ्याबरोबर खाली राहायला आले आणि मला वाटलं, संपलं. चैत्रात माझा खोकला उतरला. वैशाखात यंत्र काढून मी थोडा वेळ बागेत बसू लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की लांबून पक्षी बघायला हरकत नाही. कडुनिंबावर हळद्या आला तेव्हा मी दुर्बीण पुन्हा बाहेर काढली. हात थोडे कमी थरथरत होते.

आषाढात पुन्हा सगळं फिरलं. ताप, खोकला, रात्रंदिवस यंत्र. स्कॅनमध्ये नवे डाग दिसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कबुतरांचा संबंध कुठे येतोय?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

त्या आठवड्यात शुक्लाजी मला भेटायला आले. निवासाच्या समितीचे ते प्रमुख, निवृत्त वकील, फार देवभोळे. माझ्या आजारपणाची चौकशी करून झाल्यावर कौतुकाने म्हणाले, "भाईसाहब का नियम बड़ा पक्का है. पानी बरसे चाहे जो हो, छत पर दाना डालने ज़रूर आते हैं." छतावर समितीचं दाण्यांचं पिंप होतं. तिथून कुणीही दाणे घ्यावेत आणि टाकावेत.

शुक्लाजी गेल्यावर मी खुंटीवरचा वसंतरावांचा सदरा काढला. खिशात बाजरी होती. बाहीला बारीक पांढरं पीस चिकटलेलं होतं. तोच सदरा घालून ते रोज माझ्या पलंगाच्या कडेला बसत होते.

भांडण

ते आले तेव्हा दाणे मी ताटलीत काढून ठेवले होते.

"छतावर जाता तुम्ही?"

"मी? नाही."

"मग हे काय आहे?"

त्यांनी ताटलीत बोट फिरवलं. "बाजरी आहे."

"तुमच्या खिशात होती."

"कुणी टाकली?" ते म्हणाले. अगदी सहज, मलाच विचारल्यासारखं.

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. खोटं बोलणं मी समजू शकले असते, पण तोंडावर इतका निर्लज्जपणा मला सहन झाला नाही. "मला मारायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं. "सरळ सांगा. रोज थोडं थोडं कशाला?" पुढचं बोलायला श्वास नव्हता. मी यंत्राची नळी लावून खोकत राहिले आणि ते भिंतीशी उभे राहिले. शेवटी म्हणाले, "मी गेलो नाही, कुसुम." मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

व्यवस्थापकांनी त्यांना वरची जुनी खोली परत दिली. एकाच इमारतीत आम्ही नवराबायको दोन मजल्यांवर राहू लागलो. जेवण मला खोलीत यायचं, ते जेवणघरात जेवायचे. मीनल दोघांना वेगवेगळा फोन करायची. "बाबा म्हणतात, आई का रागावली ते माहीत नाही," तिने सांगितलं. "नाटक आहे," मी म्हटलं.

मी मीनलमार्फत समितीला कळवलं की छतावरचे दाणे बंद करा, जाळी बसवा. शुक्लाजी दारात येऊन उभे राहिले. "बहनजी, काशी में पंछी का दाना बंद करवाएँगी? आप तो खुद पंछी-प्रेमी हैं." मी त्यांना म्हटलं, माझ्या हातात असतं तर मी कबुतरांना विष घातलं असतं. ते कानांवर हात ठेवून निघून गेले. मी हे बोलले आणि तसंच मनातही होतं. आजाराने माणूस मोठं होतं असं म्हणणारे भेटतात मला. मी त्या दिवसांत लहान आणि कडू झाले होते. दुर्बीण पेटीत होती. दसऱ्याला कुणी आलं नाही.

दारात

थंडी पडायला लागली होती. एका दुपारी दार वाजलं. वसंतराव होते, आंघोळ केलेली, धुतलेला सदरा, भांग पाडलेला. आत न येता उंबऱ्याशीच उभे राहिले.

"कुसुम," ते म्हणाले, "तू खाली का राहतेस?"

मी दार लोटू लागले.

"आपलं काही भांडण झालंय का?" त्यांनी विचारलं. "लोक काहीबाही बोलतात. मला आठवत नाही. माझं काही चुकलं असेल तर सांग."

त्यांच्याबरोबर माझं आयुष्य गेलं. त्यांच्या थापा मला ओळखता येतात. थाप मारताना ते उजवा कान चोळतात. त्यांचे दोन्ही हात खाली होते, आणि ते खरंच माझ्या उत्तराची वाट बघत होते. सदऱ्याच्या गुंड्या एक सोडून एक लागल्या होत्या. गार्डाच्या नोकरीत ज्यांच्या गणवेशाची एक घडी कधी मोडली नाही त्यांच्या गुंड्या.

मी त्यांना आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. कबुतरं, स्कॅन, छत, बाजरी. ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. चेहरा उतरत उतरत पांढरा पडला. "माझ्यामुळे?" म्हणाले. "तुझी छाती माझ्यामुळे गेली?" मग कपाळावर हात मारून घ्यायला लागले. मी त्यांचे हात धरले. त्यांच्यापेक्षा माझ्यात जोर कमी होता, तरी धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात आले. धुतलेला सदरा, भांग पाडलेला. "कुसुम, तू खाली का राहतेस?"

मीनल आली, त्यांना डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार, बऱ्याच दिवसांपासून असावा, डॉक्टर म्हणाले. सवयीची कामं हात आपोआप करतात, कशाला नको म्हटलंय ते मात्र मनात टिकत नाही. म्हणजे आषाढात ते माझ्याशी खोटं बोललेच नव्हते. त्या सगळ्या महिन्यांत वरच्या खोलीत एक माणूस एकटा बसला होता आणि आपली बायको कशावरून रागावली हे आठवायचा प्रयत्न करत होता.

मीनलने शुक्लाजींना सारं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी छताच्या दाराला कुलूप लागलं आणि पिंप खाली आलं. जाळी महिन्याभराने बसली. शुक्लाजी अजून माझ्याशी मोजकंच बोलतात, पण वसंतरावांना रोज संध्याकाळी हात धरून बागेत फिरवतात.

आता

आता फाल्गुन आहे. कुरव निघून गेले असतील. या वर्षी मला ते दिसले नाहीत. भिंतीवर थंडीभर एक थिरथिरा येत होता, काळ्या अंगाचा, तांबूस शेपटीचा. तोही दिसेनासा झाला. माझी फुप्फुसं आहेत तिथेच आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबाने बरं चाललंय. पूर्वीसारखी मी होणार नाही. जिना मला आता कधीच चढता येणार नाही.

ज्यांचा कोरडा खोकला जात नाही, चालताना दम लागतो, आणि ज्यांच्या बाल्कनीत, एसीवर, न्हाणीघराच्या खिडकीत कबुतरं आहेत, त्यांनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. मला विचारलं जाईपर्यंत उशीर झाला होता. आणि घरातलं कुणी एकच चूक पुन्हा पुन्हा करत असेल, तर रागावण्याआधी त्यांनाही डॉक्टरांना दाखवावं.

वसंतराव परत माझ्याबरोबर खाली राहतात. सकाळी ते दाणे शोधतात. उशीखाली बघतात, कपाटात बघतात, मग थकून बसतात. जगण्यातलं त्यांचं शेवटचं काम मी बंद केलं. त्याला इलाज नव्हता, पण ते रोज बघावं लागतं.

माझ्या नाकातली नळी त्यांना रोज नवी दिसते. "हे काय झालंय तुला?" विचारतात. सुरुवातीला मी खरं सांगायचे. शिक्षिका आहे, खरं सांगायची सवय. दर वेळी ते तसेच पांढरे पडायचे, तसेच कपाळावर हात मारायचे, जेवायचे नाहीत, आणि दुसऱ्या सकाळी काहीच आठवत नसायचं. आठवायचं ते फक्त मला. मीनल म्हणाली, आई, रोज तू त्यांना तीच शिक्षा देतेस. मला तसं करायचं नव्हतं. पण होत तसंच होतं.

आता मी खरं सांगत नाही. आंघोळ करून आले की ते माझ्यासमोर उभे राहतात.

"ही नळी कशाला गं?"

"सर्दी झालीय."

"मग उन्हात बस. इथे सावलीत काय करतेस?"

ते माझी खुर्ची उचलून बाहेर नेतात आणि मी नळी सांभाळत त्यांच्यामागून जाते. नळी पुरते तिथवर गेलं की मी थांबते. ऊन त्याच्या थोडं पुढे, नळाशी असतं. ते खुर्ची मी थांबते तिथेच, सावलीत ठेवतात, मला बसवतात, पायांवर शाल टाकतात.

"बरं वाटतंय ना उन्हात?" विचारतात.

"हो," मी म्हणते.